चौथ्या पानाच्या दोन प्रती

विमान कंपनीच्या कचेरीत एकोणतीस वर्षं काढूनही स्टेनोबाई विमानात फक्त दोनदा बसल्या होत्या, आणि दोन्ही वेळा उतरेपर्यंत त्यांनी खुर्चीचे हात सोडले नव्हते. "चालवणारा कोण आहे ते दिसत नाही ना," असं त्या म्हणायच्या. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा त्याच कंपनीत वैमानिक म्हणून लागला. तो नवा कोरा गणवेश घालून पाया पडायला आला, तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून आधी विचारलं, "शेजारी बसणारा कॅप्टन कसा आहे रे? झोपाळू नाही ना?"

स्वभावच तसा होता. दुकानदार हसून बोलला की त्या पिशवीतला माल पुन्हा वजन करून बघायच्या. शेजारीण दोनदा चहाला बोलावायला आली की तिला काय हवंय याचा विचार त्यांना दिवसभर पुरायचा. त्यांच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. एकदा ते वैतागून म्हणाले, "अगं, निदान माझ्यावर तरी विश्वास आहे का तुझा?"

"आहे की. पण दुकानाची दुसरी किल्ली कुठे ठेवलीत ते आधी सांगा."

आणि गंमत अशी, की अख्ख्या कंपनीत सगळ्यांचा विश्वास होता तो या बाईंवरच. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी तिसऱ्या मजल्यावर व्यवस्थापन आणि वैमानिक संघटना यांची संयुक्त बैठक व्हायची. लांबलचक टेबल. खिडकीच्या बाजूला वैमानिक, दाराच्या बाजूला व्यवस्थापन, आणि टोकाला एका वेगळ्या लहान टेबलाशी स्टेनोबाई. समोर वही, हातात टोकदार पेन्सिल, बाजूला आणखी तीन टोकदार पेन्सिली. दोन्हीकडची माणसं कितीही भराभर बोलोत, एकमेकांच्या बोलण्यात घुसोत, बाईंच्या रेघा आणि ठिपके मागे पडत नसत. मग चार दिवसांनी बैठकीचं टंकलेलं इतिवृत्त दोन्ही बाजूंना जायचं, प्रत्येक पानाखाली हिरव्या शाईतली बाईंची छोटी सही. ती सही असली की कोणी पुढे वाचायच्या भानगडीत पडत नसे.

शॉर्टहँड येणारं आता दुसरं कोणी कचेरीत उरलेलं नव्हतं. नव्या मुली यंत्रावर आवाज टिपून घ्यायच्या. पण या बैठकीत यंत्राला मनाई होती. ती मागणीही दोन्ही बाजूंचीच.

कंपनी एका मंगळवारी सकाळी बंद पडली. फाटकाला कुलूप, कुलपावर कागद, कागदाभोवती माणसांचा घोळका. बाई नेहमीप्रमाणे डबा घेऊन गेल्या आणि डबा घेऊन परत आल्या. कागदावर लिहिलं होतं, की वैमानिकांनी पगारकपातीचा प्रस्ताव ऐन वेळी नाकारल्यामुळे कंपनीला दिवाळखोरी जाहीर करणं भाग पडलं आहे. दुपारपर्यंत संघटनेचाही कागद निघाला. आम्ही काहीही नाकारलेलं नाही, व्यवस्थापन स्वतःच्या पापाचं खापर आमच्या डोक्यावर फोडत आहे.

पण पहिला कागद आधी लागला होता. विमानांचे यंत्रकारागीर, सामान चढवणारे हमाल, तिकीट खिडकीवरच्या मुली, सफाईच्या बायका, असे सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास लोक घरी बसले होते आणि त्यांना कोणावर तरी चिडायचं होतं. भाच्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक हमाल राहायचा. एरवी जिन्यात भेटला की "काय कॅप्टन" म्हणायचा. आता तो भाच्याला बघून वाट द्यायचा ती अंग चोरून, जणू काही लागेल. "टोप्या घालून मिरवलात, आता आमची चूल विझवलीत," असं एकदा तोंडावर बोलला.

काम नसल्याने तो दुपारी काकांच्या चष्म्याच्या दुकानात येऊन बसू लागला. गिऱ्हाईक आलं की काचा पुसून द्यायचा. एकोणतीस वर्षांचा, ताठ बसणारा मुलगा तसा काचा पुसताना बघून बाईंना सहन व्हायचं नाही. पण त्याला तसं त्या दाखवत नसत.

महिन्याभराने कोर्टाने एक अधिकारी नेमला. कंपनीचं जे काही उरलंय ते विकायचं, आणि ती बुडाली कशी याचा अहवाल द्यायचा, हे त्याचं काम. लुकडा माणूस, आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागायचं. त्याने स्टेनोबाईंना बोलावलं आणि त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले.

"हे त्या शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त. दोन्हीकडून एकेक प्रत आली. चौथं पान बघा."

बाईंनी बघितलं. कंपनीकडच्या प्रतीत होतं, "संघटनेने प्रस्ताव नाकारला." संघटनेकडच्या प्रतीत त्याच ओळीच्या जागी होतं, "संघटनेने विचारासाठी पंधरा दिवसांची मुदत मागितली." बाकी पान अक्षरशः एक. आणि दोन्ही पानांखाली हिरवी सही.

"यातली तुमची कुठली?" अधिकाऱ्याने विचारलं.

बाईंनी दोन्ही कागद उजेडाकडे धरले. एक सही खोटी असणार हे उघड होतं. पण कुठली, ते कळेना. दोन्ही त्यांचीच वाटत होती. "मला वह्या बघाव्या लागतील," त्या म्हणाल्या. वह्या सील केलेल्या कचेरीत होत्या, आणि सील काढायला दोन आठवडे लागणार होते.

ते दोन आठवडे बाईंच्या डोक्यात संशयाने ठाण मांडलं.

पहिला संशय साहेबांवर. साहेब म्हणजे कार्मिक विभागाचे प्रमुख, ज्यांच्या हाताखाली बाईंनी सतरा वर्षं काम केलं. गोड बोलणारा माणूस. बाईंच्या टेबलाच्या खणाची एक किल्ली त्यांच्याकडे असायची आणि खणात हिरवी शाई असायची. बाईंनी त्यांना फोन केला, तर ते म्हणाले, "बाई, या प्रकरणात आपण फोनवर न बोललेलं बरं," आणि ठेवून दिला. चोराशिवाय असं कोण बोलेल?

दुसऱ्या दिवशी संघटनेचे चिटणीस स्वतः घरी आले. ते सगळ्यात जुने कॅप्टन, बैठकीत टेबलावर मूठ आपटून बोलणारे. पाणीही न घेता म्हणाले, "बाई, तुमचा पगार त्यांच्याकडून यायचा, हे आम्ही जाणून आहोत. पण तुमचा भाचा आमच्यात आहे, एवढं लक्षात ठेवा."

"हे तुम्ही धमकावताय का?"

"आठवण करून देतोय."

ते गेल्यावर बाईंचा संशय त्यांच्यावर सरकला. जो माणूस पाणी न पिता जातो त्याच्या मनात काहीतरी आहेच.

पण खरी पाल चुकचुकली ती तिसऱ्या दिवशी, भांडी लावताना. त्या बैठकीचं इतिवृत्त त्यांनी कचेरीत टंकलंच नव्हतं. कचेरीतलं छपाईयंत्र बिघडलं होतं म्हणून रविवारी घरी बसून केलं होतं. आणि त्या रविवारी भाचा जेवायला आला होता.

त्या तशाच ओल्या हातांनी दुकानात गेल्या. भाचा तेव्हा नव्हता. यजमान एका फ्रेमचा स्क्रू बसवत होते.

"अहो, त्या रविवारी आपला भाचा कॉम्प्युटरपाशी बसला होता का?"

"कुठला रविवार?"

"मी इतिवृत्त टंकत होते तो. मी स्वयंपाकघरात होते तेव्हा तो आतल्या खोलीत काय करत होता?"

यजमानांनी स्क्रू खाली ठेवला. "बसला असेल. काहीतरी छापायचं होतं त्याला, अर्ज की काय. का?"

"किती वेळ?"

"मी घड्याळ लावून बसलो नव्हतो."

"तुम्ही त्याला पाठीशी घालताय."

"आणि तू त्याला पिंजऱ्यात उभं करतेयस," यजमान म्हणाले. एरवी ते आवाज चढवत नसत. तेवढ्यात भाचा दारात येऊन उभा राहिला. त्याने किती ऐकलं ते कळलं नाही, पण बाईंनी माघार घेतली नाही. मनात ठेवून हसून बोलणं त्यांना जमत नसे.

"त्या रविवारी तू माझ्या फाईलला हात लावलास का?"

भाच्याने आधी काकांकडे पाहिलं, मग मावशीकडे. "मावशी, तू विचारतेयस की पंचनामा करतेयस?"

"लावला असशील तर आत्ता सांग. मी निभावून नेईन."

"म्हणजे तुझं ठरलंय," तो म्हणाला. "चिटणीस मला रोज विचारतात, तुझ्या मावशीने आपल्याला किती रुपयांना विकलं. मी त्यांच्याशी तुझ्यावरून भांडतोय. आणि इथे तू मलाच चोर ठरवतेयस." त्याच्या हातात पुसायचं फडकं होतं, ते त्याने काउंटरवर घडी घालून ठेवलं. "काका, उद्यापासून मी येत नाही."

बहिणीचा संध्याकाळी फोन आला. ती एवढंच म्हणाली, "तो जेवला नाही. तू काय बोललीस त्याला?" बाईंनी सांगायला सुरुवात केली तर बहिणीने फोन ठेवला. तरीही बाईंना पश्चात्ताप झाला नाही. उलट वाटलं, एवढं झोंबलं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

सील निघालं. कचेरीत धुळीचा आणि बंद पडद्यांचा वास होता. कॅलेंडर त्याच महिन्यावर थांबलेलं. बाईंच्या लोखंडी कपाटात वह्या ओळीने लावलेल्या होत्या, एकशे एक्केचाळीस. अधिकाऱ्याने शेवटची काढायला लावली, आणि सगळे त्याच बैठकीच्या खोलीत बसले. खिडकीशी चिटणीस आणि त्यांचा वकील, दाराशी साहेब आणि कंपनीचा वकील. बाई टोकाला. खुर्च्यासुद्धा त्याच.

"वाचा," अधिकारी हळूच म्हणाला.

कंपनीचा वकील लगेच उठला. "यांचा भाचा वैमानिक आहे. या काय वाचतील ते खरं कशावरून? इथे दुसऱ्या कोणालाच ही वळणं वाचता येत नाहीत."

"आणि या सतरा वर्षं साहेबांच्या हाताखाली होत्या," दुसरा वकील म्हणाला. "आमचीही हरकत आहे."

पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचं एकमत झालं होतं. बाईंच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. एकोणतीस वर्षं ज्यांचं बोलणं त्यांनी शब्दनशब्द उतरवून घेतलं, त्यांनी त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "माझे सर अजून आहेत. त्यांना आणा. त्यांच्याकडेच मी शिकले."

सर म्हणजे टंकलेखन आणि शॉर्टहँडच्या वर्गाचे जुने मास्तर. वर्ग बंद होऊन वीस वर्षं झाली होती. वय ब्याऐंशी. दोन दिवसांनी ते काठी टेकत जिना चढून आले. मध्ये दोनदा थांबले. बाईंनी नमस्कार केला तर ओळखलं नाही, पण वही उघडली आणि लगेच म्हणाले, "हां! ही ती, 'र' नेहमी फार आडवा काढणारी."

त्यांनी भिंग लावून वाचायला घेतलं. सुरुवातीला अडखळत, मग सुरात. खोलीत ती शेवटची बैठक पुन्हा सुरू झाली. चिटणीस म्हणतात, हे आम्हाला अजिबात मान्य नाही. साहेब म्हणतात, मग विमानं परत करावी लागतील. आरडाओरडा. चिटणीस म्हणतात, बरं, पंधरा दिवस द्या आणि हिशेब दाखवा, मग बोलू.

"बघा!" चिटणीसांचा वकील म्हणाला. "आणि 'मान्य नाही' हेही आहेच!" कंपनीचा वकील म्हणाला.

"थांबा," सर म्हणाले. "इथे एका वाक्याभोवती गोल काढलाय. वाचू?"

बाईंना एकदम आठवलं.

"अर्थ संचालक म्हणतात, मुदतीचा प्रश्न कुठे येतो, चार विमानं परत देण्याचं पत्र गेल्या सोमवारीच पाठवलंय. साहेब म्हणतात, हे लिहू नका, बाई."

साहेब टेबलावरच्या धुळीत बोटाने रेघ ओढत होते.

"हा गोल म्हणजे काय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"लिहू नका म्हणायचे ना," बाई म्हणाल्या, "ते मी गोलात घालायचे. टंकताना वगळायला."

"दोन्हीकडचे म्हणायचे?"

"दोन्हीकडचे. माणसं रागात बोलतात. दुसऱ्या दिवशी त्यांनाच लाज वाटते. मी तिथे 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहायचे."

सर मात्र थांबले नव्हते. त्यांनी वही आडवी धरली होती. "समासात बारीक काहीतरी आहे. 'पान चार. दुरुस्ती. साहेबांच्या सांगण्यावरून. जुनी प्रत संघटनेकडे गेली आहे, परत मागवणे.'" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "हे तुझंच अक्षर, पोरी. 'र' बघ."

बाई उठून जवळ गेल्या. वळणं त्यांचीच होती. मग हळूहळू सगळं परत आलं. सोमवारी सकाळी त्यांनी प्रती वाटल्या होत्या. दुपारी साहेब टेबलापाशी येऊन म्हणाले होते, "बाई, एक छोटीशी दुरुस्ती. ते नाही म्हणाले ना, मग नाकारला असं सरळ लिहा की." आणि त्यांनी ते पान तोवर दुरुस्त झालेल्या यंत्रावर पुन्हा टंकून, हिरवी सही करून, साहेबांना दिलं होतं. अशा छोट्याशा दुरुस्त्या महिन्यातून दोन-तीन व्हायच्या, कधी इकडच्या, कधी तिकडच्या. जुनी प्रत परत मागवायची राहून गेली. मागवली असती तर आज खोटी एकच प्रत उरली असती आणि ती खरी ठरली असती.

कोणी सही चोरली नव्हती. कोणी फाईलला हात लावला नव्हता. साहेब, चिटणीस, यजमान, भाचा, या सगळ्यांवर त्यांनी एकेक करून नजर ठेवली होती. स्वतःवर ठेवायचं सुचलंच नव्हतं.

"दोन्ही सह्या माझ्याच आहेत," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."

घ्यायला कोणीच नव्हतं. अधिकाऱ्याने स्वतःच पेन काढलं.

तिथून त्या थेट बहिणीकडे गेल्या. दार भाच्याने उघडलं. दाढी वाढलेली, अंगात घरातला चुरगळलेला सदरा. त्याने 'ये' म्हटलं नाही, पण दारही लोटलं नाही.

"ते मीच केलं होतं," बाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "साहेबांनी सांगितलं आणि मी बदललं. विसरले होते."

तो चौकटीला टेकला. "मावशी, तुला सगळ्या जगाचा संशय आला. एकदाही स्वतःचा नाही आला?"

"नाही आला."

"मी काकांना नंतर सांगितलं होतं, तिने चूक कबूल केली तर दुकानात परत येईन. पण माफी नकोय मला. ते सगळं सांग तिथे जाऊन. जे गोलात आहे ते. सगळं."

"त्यात तुमच्या चिटणीसांचंही आहे," बाई म्हणाल्या. "एका बैठकीत ते म्हणाले होते, आठवडाभर सगळे आजारी पडू, विमानं जमिनीवर राहिली की येतील वठणीवर. ते पण बाहेर येईल."

भाचा दारातून बाजूला झाला. मग म्हणाला, "आजारी पडणाऱ्यांत मीही होतो. डॉक्टरचा कागद आणला होता मी. येऊ दे."

पुढचे तीन महिने बाई आणि सर त्या खोलीत बसून वह्या वाचत होते. सर वाचायचे, बाई अडलेलं सोडवायच्या, अधिकाऱ्याचा लेखनिक टंकायचा. सरांना दुपारी डुलकी लागायची, तेव्हा बाई खिडकीशी उभ्या राहून धावपट्टीकडे बघायच्या. धावपट्टीच्या कडेला गवत वाढलं होतं. गोलांची संख्या नऊशेच्या पुढे गेली. इंजिन बदलायचं पुढे ढकलल्याचं एका गोलात होतं. थकलेल्या वैमानिकांची तक्रार तिसऱ्यांदा आल्यावर "त्यांना रडायची सवयच आहे" असं कोणी म्हटल्याचं दुसऱ्यात. आणि नव्या वैमानिकांचे तास वाढले तरी चालतील, जुन्यांचे नकोत, हे चिटणीसांनी साहेबांशी परस्पर ठरवल्याचंही होतं. ते वाक्य सर वाचत होते त्या दिवशी भाचा बाईंना न्यायला आला होता. दारात उभ्याने त्याने ऐकलं. तो तेव्हा नव्यांतलाच होता. घरी जाताना रिकाम्या रस्त्यावर तो गाडी फार सावकाश चालवत होता.

दोन्ही बाजूंनी बाईंशी बोलणं टाकलं. साहेब रस्त्यात दिसले की दुकानात शिरायचे. चिटणीसांनी संघटनेच्या सभेत "ती बाई फिरली" असं जाहीर केलं. बाईंना आलेल्या दोन निनावी पत्रांपैकी एकात त्यांना व्यवस्थापनाची हस्तक म्हटलं होतं, दुसऱ्यात संघटनेची. त्यांनी दोन्हीचं अक्षर ताडून पाहिलं. मग यजमानांच्या नजरेला नजर मिळाली आणि त्यांनी पत्रं बाजूला ठेवली.

अहवाल आला तेव्हा त्यात चार विमानांचं पत्र होतं, आजारपणाचा आठवडा होता, नऊशेच्या वर वगळलेली वाक्यं होती, आणि एका परिच्छेदात इतिवृत्त लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याने दीर्घकाळ दोन्ही पक्षांच्या सांगण्यावरून नोंदी सौम्य केल्या, असंही होतं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या जुन्या संचालकांनी पत्रक काढलं की अहवालाने आमची बाजू सिद्ध झाली. संघटनेनेही तेच पत्रक काढलं, फक्त शब्द वेगळे होते. ज्यांची नोकरी गेली त्यांना परत मिळाली नाही. वरच्या मजल्यावरचा हमाल मात्र एका सकाळी जिन्यात थांबला आणि भाच्याला म्हणाला, "ते पत्र आधीच गेलं होतं म्हणे." भाचा "हो" म्हणाला. हमाल "हं" म्हणाला आणि खाली उतरला.

भाच्याला पुढे मालवाहू विमानं चालवणाऱ्या एका लांबच्या कंपनीत काम मिळालं. जायच्या आदल्या दुपारी तो दुकानात आला, काकांबरोबर चहा प्याला. बाई आल्या तेव्हा तो बूट घालत होता.

"करारावर सही केलीस?" बाईंनी विचारलं.

"केली."

"सगळी पानं वाचून?"

तो बुटाची नाडी बांधता बांधता हसला. बऱ्याच दिवसांनी. "दोनदा वाचली. आणि त्यांच्याकडची प्रतही मागून घेतली, ताडून बघायला."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या, आणि त्याची बॅग उचलायला वाकल्या. त्याने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.